तबकडी ते फाइल : एक अर्धं फसलेलं प्रॅक्टिकल

मंडळी, आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. मराठी विभागासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी विचारलं, "टेक्निकल चालेल का?" उत्तर आलं, "चालेल, पण मराठीत." रेकॉर्डला तबकडी म्हणतात हे मला आजीमुळे माहीत आहे. प्रीअँपला काय म्हणतात ते आजीलाही माहीत नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

सांगलीला आजीकडे आजोबांच्या ४१ रेकॉर्ड्स होत्या. २४ एलपी, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या, आणि १७ जुन्या, जाड, ७८ फेऱ्यांच्या. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवत असेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. आजीच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे गाळात गेले. तबकडी पाण्यात बुडून मरत नाही. मेली ती कव्हरं, आणि बहुतेक सगळ्या तबकड्यांच्या मधली कागदी लेबलं. पूर ओसरल्यावर मामाने सगळ्या गच्चीवर उन्हात वाळत घातल्या, त्यात तीन एलपींचे पापड झाले. (व्हिनाइल ऊन सोसत नाही. वाळवायच्या तर सावलीत आणि उभ्या.) बाकीच्या ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर. पुढच्या वर्षी आजोबा गेले आणि ट्रंक तशीच राहिली.

या उन्हाळी सुट्टीत मी ती उघडली. ई अँड टीसीला आहे, एवढं तर आलंच पाहिजे, असा माज होता.

आता सिग्नलकडे येऊ, कारण बहुतेक जण इथेच घसरतात. मीही घसरले. रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमधून साधारण ५ मिलिव्होल्ट निघतात. एवढ्याशा सिग्नलला मोठं करायला हवंच, पण नुसतं मोठं करून भागत नाही. रेकॉर्डवर आवाज जसा आहे तसा कोरलेला नसतो. खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाच एवढे झोके घेईल की शेजारच्या खाचेत घुसेल. ते टाळायला खाचा लांब लांब ठेवल्या तर एका बाजूला मावणारं गाणं कमी होईल. म्हणून कोरतानाच खर्ज दाबतात. वरच्या फ्रीक्वेन्सी मात्र फुगवतात. ऐकताना त्या परत खाली आणल्या की त्यांच्यासोबत पृष्ठभागाची खरखरही खाली जाते. किती दाबायचं आणि किती फुगवायचं याचा ठराव म्हणजे आरआयएए कर्व्ह, १९५४ पासूनचा. ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद असे त्याचे तीन टाइम कॉन्स्टंट. सेकंड इयरला आरसी फिल्टर घोकताना "याचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्यांनो, हा उपयोग. १ किलोहर्ट्झला शून्य धरलं तर २० हर्ट्झ आणि २० किलोहर्ट्झ या दोन टोकांना जवळजवळ २० डीबीचा फरक पडतो.

हे उलटं करण्याचं काम फोनो प्रीअँपचं. मी तो न लावता पहिली एलपी थेट लॅपटॉपच्या जॅकला जोडली. गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. शिवाय लॅपटॉपच्या त्या एकुलत्या एक जॅकमधला माइक मोनो असतो, म्हणजे एक चॅनेल गायब. दुपार वाया. नंतर मामाचा जुना अँप्लिफायर सापडला. जुन्या अँप्लिफायरला मागे फोनो नावाचं सॉकेट असेल तर प्रीअँप आतच असतो, आणि टेप आउटमधून सिग्नल बाहेर घेता येतो. तिथून रूममेटचा गिटारसाठी घेतलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, आणि तिथून ऑडॅसिटी, जे फुकट आहे. (आजोबांचा प्लेअर पुरात गेला होता. हा मामाच्या मित्राचा, ३३ आणि ४५ असे दोनच वेग असलेला.)

पन्नास हर्ट्झची गुणगुण येत असेल तर प्लेअरची अर्थची वायर अँप्लिफायरच्या स्क्रूला लावा आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाजसुद्धा उणे ६ डीबीच्या वर जाणार नाही. क्लिप झालेलं रेकॉर्डिंग कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. मी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ घेतलं. मिनिटाला सुमारे ३५ एमबी, एलपीची २२ मिनिटांची एक बाजू पाऊण जीबी. फ्लॅक केलं की काहीही न गमावता फाइल बरीच लहान होते. वेळेला मात्र शॉर्टकट नाही, २२ मिनिटांच्या बाजूला २२ मिनिटंच लागतात, आणि तेवढा वेळ घरात कोणी पाय आपटायचे नाहीत. आजीचं घर लाकडी तक्तपोशीचं. मामा जिना चढला की सुई उडी मारायची.

क्लिक काढण्याचं सॉफ्टवेअर जपून वापरा. माझ्याकडून त्याने तबल्याच्या चाटेवरचे बोलही क्लिक समजून खाल्ले. मूळ फाइल कधीही पुसू नका, प्रयोग कॉपीवर करा.

आता धुण्याचं. एलपीवरच्या गाळासाठी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणलं (गॅरेजमध्ये मिळतं, नळाच्या पाण्याचे क्षार खाचेत राहतात), भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, आणि खाचेच्या दिशेने गोल. चिवट डागांना स्पिरिटचा बोळा. एलपी लख्ख झाल्या. २१ पैकी २० वाजल्या. मी खूश.

त्याच खुशीत पहिली ७८ ची हातात घेतली आणि तोच बोळा फिरवला. कापूस काळा झाला. वाटलं, काय मळ निघतोय! नवा बोळा घेतला, अजून घासलं. तोही काळा. तिसऱ्या बोळ्याला लक्षात आलं की मळ संपत कसा नाही. हात चिकट लागत होता.

जुन्या ७८ च्या तबकड्या व्हिनाइलच्या नसतात. त्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, भुकटी घालून दाबलेल्या. तीच लाख जी आपल्याकडच्या झाडांवरच्या किड्यांपासून मिळते. आणि फर्निचर पॉलिश करणारे सुतारकाका लाख कशात विरघळवतात? स्पिरिटमध्ये. केमिस्ट्रीत मला ८९ मार्क होते.

ती बाजू तरी वाजवून बघितली. ७८ च्या खाचेला सुई वेगळी लागते, सुमारे ७५ मायक्रॉनची. एलपीची १८ मायक्रॉनची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी नुसती हेलपाटते. ती सुई मी आधीच मागवली होती. प्लेअरला ७८ चा वेग नव्हता, म्हणून ४५ वर वाजवून सॉफ्टवेअरमध्ये १.७३३ पट वेग वाढवला. (त्याआधी आरआयएएचा परिणाम उलटा करून घ्यायचा. जुन्या ७८ आरआयएएच्या आधीच्या, त्यांचे कर्व्ह वेगवेगळे.) ऐकू आली ती धो धो पाऊस पडल्यासारखी खरखर आणि तिच्या पलीकडे कुठेतरी एक बाई गात होत्या.

मी आजीला बोलावलं, सांगणं भागच होतं. आजी ८३ वर्षांची, डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. तिने उजवा कान स्पीकरजवळ नेला. दहा सेकंदांत म्हणाली, "हिराबाई बडोदेकर."

"आजी, तुला या आवाजात कळलं?"

"कसला आवाज? गातायत की छान. पण कुठलं गाणं ते कळेना गं. शब्द गेलेत."

वयाबरोबर आधी वरच्या फ्रीक्वेन्सी ऐकू येईनाशा होतात. मला छळणारी खरखर तिच्यापर्यंत फारशी पोचतच नव्हती. मग मी काय केलं ते तिला सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "दुसरी बाजू आहे ना?" आणि जरा वेळाने, "उरलेल्या मी ऐकल्याशिवाय धुऊ नकोस."

तेव्हापासून पद्धत बदलली. कोरड्या मऊ ब्रशने वरची धूळ काढायची, कमी वजनावर सुई टेकवायची, एकदा आजीला ऐकवायचं आणि त्याच वेळी रेकॉर्डही करायचं. मगच ओला फडका, आणि तोही फक्त पाण्याचा, लगेच टिपून. शिवाय प्रत्येक तबकडीच्या मधल्या भागात, लेबलाच्या कडेला दाबलेला मॅट्रिक्स नंबर असतो. कागद गेला तरी तो राहतो. टॉर्च तिरका धरून वाचायचा. आकडे आणि अक्षरं जुळली तर संग्राहकांच्या याद्यांवरून गाणं शोधता येतं. ज्या बाजूची मी वाट लावली तिचा नंबर माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे.

१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान गाणं संपल्यावर इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या लोकांना लेबल लावताना गोंधळ व्हायला नको, असं त्याचं कारण सांगतात. आमच्या तबकड्या नंतरच्या, त्यांवर कोणी नाव सांगत नाही. १७ पैकी १३ आजीने ओळखल्या. काही आवाजावरून, दोन तर नुसत्या ऑर्गनच्या सुरावटीवरून. कुठली कधी घेतली तेही ती सांगायची. "ही मिरजेहून, पाडव्याला. त्या महिन्यात दुधाचं बिल थकलं होतं." हे सगळं कुठे लिहायचं? फाइलच्या टॅगमध्ये कलाकार, वर्ष यांच्या खाली कमेंट नावाची एक जागा असते. दुधाचं बिल तिथे आहे.

चार अजून बिननावाच्या आहेत, त्या दिवाळीत पुन्हा ऐकवणार आहे.

एक सूचना, हॉस्टेलच्या ग्रुपवर गाणी मागणाऱ्यांसाठी: आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असतो, गीतकार-संगीतकारांचा वेगळा. एलपींच्या फाइल घरापुरत्याच आहेत, मागू नका.

मात्र कोणाच्या घरी माळ्यावर तबकड्या पडून असतील, विद्यार्थी असोत की स्टाफ, तर लेडीज हॉस्टेलमध्ये निरोप द्या. सुई माझी, इंटरफेस रूममेटचा (तिची परीक्षा नसेल तेव्हा). तबकड्या उभ्या ठेवून आणा, आणि घरात त्या ओळखणारं कोणी असेल तर त्यांना आधी विचारून या. स्पिरिट आणू नका.