पीएचडी, एमफिल की एमआरेस? ब्रिटनला संशोधनासाठी येणाऱ्यांना

पुण्या-नागपूरहून फोन येतात. ऑफर आलेली असते, पैसे भरायची मुदत जवळ आलेली असते आणि प्रश्न असतो, "एमआरेस घेऊ की थेट पीएचडी?" इथल्या मराठी घरांतून अशा फोनांवर जे सांगितलं जातं, ते या टिपणात एकत्र केलं आहे.

पीएचडी म्हणजे पूर्णवेळ तीन ते चार वर्षं. ऑक्सफर्डमध्ये हिलाच डीफिल म्हणतात. एमआरेस, म्हणजे मास्टर ऑफ रिसर्च, साधारण वर्षभराची. थोडे विषय आणि मोठा प्रकल्प. संशोधन आपल्याला मानवेल का, याची खात्री नसेल तर ती जरूर घ्या. एमफिलच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी भारतात एमफिल बंद झाली. इथे ती आहे, पण विद्यापीठागणिक तिचं रूप बदलतं. केंब्रिजच्या कित्येक विभागांत ती वर्षभराची आणि बरीचशी वर्गात शिकवली जाणारी पदवी आहे. इतरत्र ती बहुधा निव्वळ संशोधनाची असते. काही ठिकाणी तर पीएचडीवाल्याचीही नोंदणी आधी एमफिल म्हणूनच होते आणि वर्षा-दीड वर्षानं अहवाल व तोंडी परीक्षा घेऊन 'अपग्रेड' मिळतो. हा अपग्रेड नुसता उपचार समजू नका, तिथे माणसं अडकतात.

नोकरीत मुरलेल्यांसाठी ईडीडी, डीबीए अशा व्यावसायिक डॉक्टरेट आहेत. इंजिनिअरिंगमधल्या डॉक्टरेटचा, म्हणजे ईएनजीडीचा, बराच काळ कंपनीत जातो. आधीच छापून आलेल्या निबंधांवर मिळणारी पीएचडी बहुतेक ठिकाणी त्या विद्यापीठाच्या प्राध्यापकांना किंवा माजी विद्यार्थ्यांनाच मिळते. नवख्यानं तिच्या नादी लागू नये.

आता घरच्यांचा प्रश्न. १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांना स्टुडंट व्हिसावर जोडीदार आणि मुलं आणायची मुभा, सरकारी शिष्यवृत्तीवाले सोडले तर, फक्त संशोधनाच्या पदव्यांना आहे. साध्या एमएस्सीला नाही. एमआरेस, एमफिलच्या बाबतीत संशोधनाचा भाग शिकवण्याच्या भागापेक्षा मोठा आहे का, हे पाहिलं जातं. तेव्हा डिपॉझिट भरण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. एजंटच्या "हो हो, चालतं"वर विसंबून विमानाची चार तिकिटं काढू नका. अर्धवेळ शिकणाऱ्याला स्टुडंट व्हिसावर ना कुटुंब आणता येतं, ना काम करता येतं.

इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या काही विषयांना भारतीयांना एटॅस प्रमाणपत्र, म्हणजे संवेदनशील विषयांसाठी ब्रिटिश सरकारची परवानगी, लागतं. ते फुकट आहे, पण यायला आठवडे लागतात. व्हिसाच्या आधी ते हातात हवं.

पैशांचं गणित कागदावर मांडा. सरकारी संशोधन परिषदांचं किमान विद्यावेतन २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड आहे. त्यासोबत मिळणारी फी मात्र ब्रिटिश विद्यार्थ्याच्या दरानं. परदेशी फीमधला फरक विद्यापीठ सोडून देणार की तुमच्या वडिलांच्या एफडीतून जाणार, हे आधीच विचारा. आठवड्याला २० तासांची कामाची मर्यादा पीएचडीला उन्हाळ्यातही लागू असते, कारण इथे पीएचडीवाल्याला उन्हाळ्याची सुट्टी नसते.

मार्गदर्शकाला ईमेल करताना "रिस्पेक्टेड सर"नं सुरू होणारं दोन पानी आत्मचरित्र पाठवू नका. त्यांचा कुठला निबंध वाचला, त्यातला कुठला प्रश्न पुढे न्यायचा आहे, एवढं दोन परिच्छेदांत लिहा. सोबत सीव्ही आणि पानभर आराखडा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. त्यात काही वावगं नाही.

शेवटची तोंडी परीक्षा, व्हायवा, बंद दाराआड होते. परीक्षक बहुधा दोन, त्यांतला एक बाहेरच्या विद्यापीठाचा. किरकोळ दुरुस्त्यांसह पास होणं हाच इथला नेहमीचा निकाल आहे, त्यामुळे दुरुस्त्यांची यादी हातात आली म्हणून गावाकडे रडवेला फोन करू नका. लंडनमध्ये डी.एस्सी.साठी दिलेला डॉ. आंबेडकरांचा रुपयावरचा प्रबंधही परीक्षकांनी बदल करायला परत पाठवला होता. तो पुन्हा सादर करून त्यांनी १९२३ मध्ये पदवी मिळवली.

ऑफर स्वीकारण्याआधी त्या मार्गदर्शकाच्या सध्याच्या विद्यार्थ्याशी पंधरा मिनिटं बोला. दोनच गोष्टी विचारा: सर किंवा मॅडम किती दिवसांनी भेटतात आणि आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? विद्यार्थ्यांशी बोलूच देत नसतील, तर विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो, दुसरीकडे अर्ज करा.