मद्य, यकृत आणि लपविलेले सत्य



शनिवार-रविवारी वसई तालुक्यातील कळंबच्या किनाऱ्यावर सहलीसाठी लोकांची रीघ लागते. तेथे उघडपणे पिणाऱ्यास मद्याची लाज वाटत नाही. आपल्या मोहल्ल्यातील पिणारा मात्र चोरून पितो. मद्य हराम आहे हे तो जाणतो. म्हणून घरच्यांपासून, जमातीपासून आणि अखेर डॉक्टरांपासूनही ते लपवितो. हे शेवटचे लपविणे त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याविषयी शरीअतचे मार्गदर्शन समजून घेऊ या.

यकृत हा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव अल्लाहची अमानत आहे. पोटात गेलेल्या मद्याचा बहुतांश निचरा त्यालाच करावा लागतो आणि त्या क्रियेत निर्माण होणारे विषारी द्रव्य त्याच्याच पेशींना इजा करते. प्रथम यकृतात चरबी साठते, पुढे सूज येते आणि शेवटी निरोगी पेशींच्या जागी कठीण व्रण तयार होतात. यासच सिरॉसिस म्हणतात. आरंभी बहुधा काहीच दुखत नाही. डोळे पिवळे पडणे, पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी होणे ही लक्षणे दिसेपर्यंत पुष्कळ हानी झालेली असते. तरीही आशा संपत नाही. केवळ चरबी साठली असेल, तर मद्य सोडल्यावर काही आठवड्यांतच यकृत सुधारू लागते. सिरॉसिस झाल्यावरही मद्य सोडणाऱ्याची जगण्याची शक्यता वाढते.

परंतु डॉक्टरांनी “दारू घेता का?” असे विचारले आणि शेजारी वडील उभे असले, की उत्तर येते, “नाही.” मग निदान भरकटते आणि घरी काविळीचा झाडपाला सुरू होतो. आणखी एक धोका आहे. रोज अतिशय पिणाऱ्याने रमजानचा चांद दिसताच मद्य एकाएकी बंद केले, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. त्याचा संकल्प स्तुत्य आहे. परंतु डॉक्टरांना खरे सांगितले, तर हा धोका टाळणारी औषधे मिळतात.

काही जण म्हणतील, पापावर अल्लाहने घातलेला पडदा आपण का दूर करावा? आपल्या पापाचा डंका पिटू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण खरीच आहे. मात्र डंका पिटणे वेगळे आणि उपचारासाठी सांगणे वेगळे. शरीराचा जो भाग झाकणे अनिवार्य आहे, तोही गरजेपुरता वैद्यास दाखविण्याची मुभा फुकहांनी दिली आहे. मग झाकलेली सवय सांगण्यास आडकाठी कोणती? उपचार करण्याची आज्ञा स्वतः प्रेषितांनी (स.) दिली आहे.

याचा अर्थ थोडे-थोडे पिण्याची सवलत आहे, असा कोणी घेऊ नये. दिव्य कुरआनने बकरा (219), निसा (43) आणि माइदा (90-91) या सूरहांमधून टप्प्याटप्प्याने मद्य निषिद्ध केले. अंतिम आदेशानंतर एका घोटाचीही जागा उरली नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही, असे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट केले.

आता आपले कर्तव्य. मद्यपानाबद्दल वारंवार शिक्षा झालेल्या एका मनुष्यास कोणीतरी शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यास रोखले आणि त्या मनुष्याच्या अल्लाह व प्रेषितांवरील प्रेमाची ग्वाही दिली. ही हदीस सहीह बुखारीत आहे. शिक्षा टळली नाही, पण तो आपला बंधूच राहिला. आपण मात्र त्याला टोमणे मारून पुन्हा अंधारात ढकलतो. 1986 मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभारले. व्यसन हा आजार आहे आणि रुग्णास माणूस म्हणून वागविले पाहिजे, हेच तेथील कार्याचे सूत्र आहे. आपल्या मस्जिदींना ही वृत्ती परकी असू नये.

तेव्हा घरात असा कोणी असेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्या, क्षणभर स्वतः बाहेर थांबा आणि त्याला मोकळेपणी बोलू द्या. तौबा अल्लाहपुढे करावी आणि आजार वैद्यापुढे मांडावा. अल्लाह आपणा सर्वांना या अमानतीचे रक्षण करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.