पागाचं शिसं ओतताना

बाबू, यंदा पागाला, म्हणजे आपल्या फेकजाळ्याला, शिसं तू स्वतः ओतून लावणार म्हणालास, बरं वाटलं. पाग गोल उघडतो तो फेकणाऱ्याच्या हाताने, पण झटकन तळाला बसतो तो घेरावर ओवलेल्या शिशाने. वजनं लहानमोठी झाली की घेराची एक बाजू उचललेली राहते आणि बोय मासळी नेमकी तिथूनच निसटते. म्हणून वजनं सारखी हवीत. ती सारखी यायची तर शिशाचा आणि साच्याचा ताव एकसारखा राहिला पाहिजे, आणि ताव राखायचा तर सगळी मांडणी आधी करून ठेवली पाहिजे.

दिवस कोरडा धर. हे काम मृगाआधी उरकायचं. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्याच्या खाली पाण्याचा थेंब अडकला की क्षणात त्याची वाफ होते, ती हजारपटीहून जास्त फुगते आणि तापलेलं शिसं तोंडावर उडतं. भंगारातलं शिसं, पळी, साचा, सगळं आदल्या दिवशी उन्हात टाक. वितळलेल्या शिशात नवा तुकडा सोडण्याआधी तो कढईच्या काठाशी तापवून घे. जवळ पाण्याचा तांब्यादेखील नको.

अंगणात बस, घरात नको. वारा पाठीवर घेतलास तर धूर वळसा घेऊन तोंडाशीच येतो. वारा बाजूने येईल असा बस. सकाळी मतलई मंद असते, तेव्हाच सुरुवात कर. उकिडवा बसू नकोस. पाय अवघडले की उठताना तोल जातो. स्टुलावर बस, कढई स्थिर विटांवर ठेव आणि साचा उजव्या हाताशी. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, बंद बूट, चामड्याचे हातमोजे आणि चष्मा घाल. नायलॉन अंगावर नको, ते वितळून कातडीला चिकटतं.

कढई बिडाची घे, आणि ती शिशासाठीच ठेव. ॲल्युमिनियमचं भांडं चुलीवर मऊ पडून दगा देतं. कल्हईचं, डाग दिलेलं किंवा जस्ताचा मुलामा असलेलं भांडंही नको. स्वयंपाकघरातली पळीसुद्धा मागू नकोस, ती परत स्वयंपाकात जाता कामा नये. एक लिटर शिशाचं वजन १० किलोंहून जास्त भरतं, तेव्हा भरलेली कढई हलवायची नाही. ती बसेल तिथेच थंड होऊ दे.

शिसं पारखून घे. जुन्या जाळ्यांची वजनं उत्तम. बॅटरीच्या पट्ट्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी नको. त्यांत आम्ल असतं आणि त्यांच्या मळीतून विषारी वायू निघू शकतो. जस्ताचे तुकडेही वेचून काढ. जस्त ४१९ अंशांच्या पुढे वितळून शिशात मिसळतं आणि मग ओतकाम गुठळ्यांचं होतं.

जाळ मध्यम ठेव. शिसं पळीतून सहज वाहू लागलं की जास्त ताव देऊ नकोस. कढईचा तळ लाल दिसायला लागला म्हणजे ताव ५०० अंशांच्या वर गेला. तेव्हा शिशाचा धूर वाढतो, आणि तो डोळ्यांना दिसेलच असं नाही. वर राखाडी साय आली की मेणाचा छोटा तुकडा टाकून सावकाश ढवळ. सायीतलं बरंचसं शिसं परत खाली उतरतं. मेण भडकतं, म्हणून तोंड लांब ठेव. उरलेली मळी झाकणाच्या डब्यात काढ.

साच्याला आतून दिव्याची काजळी धर, भोकासाठी घातलेल्या तारेलाही. वजन सहज सुटतं. मग साचा कढईच्या कडेला तापव. गार तव्यावरचं पहिलं घावन बिघडतं तशी पहिली चार-दोन वजनं सुरकुतलेली येतील. ती बाजूला ठेव. त्यानंतर हात चालू ठेवायचा. एका धारेत ओत आणि तोंडाशी थोडं शिसं वर राहू दे. थिजताना शिसं आकसतं, तेव्हा हे वरचं शिसं खाली ओढलं जातं. दोन साचे असले तर एक थिजेपर्यंत दुसरा भरता येतो, हात रिकामा राहत नाही.

वजनं काय सांगतात ते बघ. सुरकुत्या आल्या तर साचा गार आहे. पृष्ठभाग दवासारखा पांढुरका आला आणि थिजायला वेळ लागला तर साचा फार तापलाय. कोपरा अपुरा राहिला तर हवा अडकलीय. वजनं कोरड्या जुन्या सुती कापडावर पाड. वाया गेलेली वजनं आणि कापलेली शेपटं एकेक करून कढईत टाकू नकोस, दरवेळी शिसं गार पडून काम थांबेल. ती साठवून एकदमच टाक.

काम चालू असताना पान, तंबाखू, विडी, चहा काही नाही. हाताचं शिसं तोंडावाटेच पोटात जातं. पोरांना आणि पोटुशी बाईला त्या अंगणात येऊ देऊ नकोस. मुलांच्या मेंदूला शिसं थोडंही चालत नाही. शेवटी ओल्या फडक्याने जागा पुसून घे, झाडू मारलास तर धूळ उडेल. साबणाने हात धू, आंघोळ कर आणि मगच घरात शिर. कपडे वेगळे धुवायचे. मळी विहिरीत, परसात, खाडीत टाकायची नाही. शिशाचा कचरा रीतसर घेणाऱ्याकडेच ती द्यायची.

दोरीवर वजन आवळायला पक्कड वापर. दाताने शिसं दाबायची सवय गावात अनेकांना आहे, ती तू लावून घेऊ नकोस. आणि उघडं अंगण, कोरडा दिवस, पोरांपासून लांबची जागा यांतली एक गोष्ट जरी जमत नसेल, तर त्या वर्षी वजनं तयार विकत आण.