छिद्रांच्या आत छिद्रे

माठातील पाणी गार का होते हे तुम्ही शिकला आहात. माठाच्या भिंतीतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते व त्याचे बाष्पीभवन होते. कुंभार मातीत लीद किंवा भुसा मिसळतो, तो भट्टीत जळून जातो आणि त्याच्या जागी पोकळी उरते. याच युक्तीने स्पंजासारखे सच्छिद्र सिरॅमिक, म्हणजे सिरॅमिक फोम, तयार करतात.

पण छिद्रे मोठी असावीत की लहान? समजा, एका तबकडीला आरपार सरळ छिद्रे आहेत. छिद्रांच्या तोंडांचे एकूण क्षेत्रफळ तेवढेच ठेवून प्रत्येकाचा व्यास दहावा हिस्सा केला, तर आतील भिंतींचे क्षेत्रफळ दसपट होते. मात्र त्याच दाबाखाली वाहणारे पाणी शंभरावा हिस्सा उरते! रासायनिक क्रियेला पृष्ठभाग भरपूर हवा आणि प्रवाहाला वाटही मोकळी हवी. एकाच आकाराच्या छिद्रांनी हे दोन्ही साधत नाही. म्हणून शहरात जसे हमरस्ते, गल्ल्या आणि बोळ असतात, तशी निरनिराळ्या आकारांची छिद्रे एकाच पदार्थात ठेवावी लागतात. आपल्या फुप्फुसांची रचनाही अशीच आहे.

ती कशी करतात? श्वार्ट्झवाल्डर व सोमर्स यांना 1963 साली अमेरिकेत मिळालेल्या पेटंटातील पद्धत आजही वापरात आहे. अॅल्युमिनाची बारीक पूड पाण्यात कालवून दाट घोळ करतात. त्यात पॉलियुरेथेनचा फोम बुडवून पिळतात, म्हणजे त्याच्या धाग्यांवर घोळाचा थर राहतो. तो वाळवून हळूहळू तापवला की फोम जळून जातो. घाईने तापवल्यास बाहेर पडणाऱ्या वायूंमुळे थराला तडे जातात. शेवटी सुमारे 1,600 अंश सेल्सियसला भाजल्यावर कण एकमेकांना घट्ट चिकटतात.

आता छिद्रे मोजू या. फोमची घरे कायम राहिली. ती साधारण मिलिमीटरभर रुंदीची, हा पहिला स्तर. जळालेल्या धाग्यांच्या जागी पोकळ नळ्या उरल्या, हा दुसरा. घोळात आधीच स्टार्च मिसळला असेल, तर त्याच्या कणांच्या जागी तिसरा स्तर मिळतो. तांदळाच्या स्टार्चचे कण काही मायक्रॉनचे असतात, बटाट्याचे त्याहून बरेच मोठे. म्हणजे स्टार्च निवडला की छिद्राचा आकारही निवडला!

अर्थात याची किंमत द्यावी लागते. छिद्रे वाढली की ताकद घटते. ताकदीसाठी जास्त भाजावे, तर बारीक छिद्रे बुजतात. या दोहोंतील मध्य गाठणे हेच खरे कौशल्य होय.

असे फोम ओतशाळेत वितळलेले अॅल्युमिनियम गाळण्यासाठी आणि उत्प्रेरकाला आधार म्हणून वापरतात. हाडातील पोकळी भरण्यासाठी हायड्रॉक्सिअॅपेटाइटचे सच्छिद्र तुकडे करतात. त्यांत हाड आणि रक्तवाहिन्या शिरण्यासाठी 100 मायक्रॉनहून मोठी, एकमेकांना जोडलेली छिद्रे ठेवतात.

करून पाहा : फोम घरी जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो. त्याऐवजी माठाची कोरडी खापरी वजन करा. ती दिवसभर पाण्यात ठेवा, वरचे पाणी टिपून पुन्हा वजन करा. वाढलेले ग्रॅम म्हणजे छिद्रांत शिरलेल्या पाण्याचे घन सेंटिमीटर. भिजलेली खापरी मोजपात्रात बुडवून तिचे घनफळ काढा. वजन 100 वरून 120 ग्रॅम झाले आणि घनफळ 58 घन सेंटिमीटर भरले, तर सच्छिद्रता 20 ÷ 58, म्हणजे सुमारे 34 टक्के. विटेची आणि चिनी मातीच्या कपाच्या तुकड्याची किती येते?