शरीराची ठेवण आणि जबड्याचे दुखणे

कानाच्या छिद्रापुढे बोट टेकवून सावकाश तोंड उघडले, तर बोटाखाली हाडाचे एक गोल टोक प्रथम फिरताना व मग पुढे सरकताना जाणवते. हाच जबड्याचा सांधा होय. खालचा जबडा व कवटीची शंखास्थी यांच्यामध्ये एक चिवट चकती असते. ती जागची हलली म्हणजे तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो. नुसत्या आवाजाने भिण्याचे कारण नाही. वेदना होऊ लागल्यास किंवा तोंड पुरते उघडेनासे झाल्यास मात्र उपचार घ्यावेत.

या सांध्याचा मानेशी काय संबंध? वाचकांनी स्वतःच एक प्रयोग करून पाहावा. डोके मागे झुकवून दात हलकेच मिटावेत. मग डोके पुढे वाकवून पुन्हा मिटावेत. दातांचा पहिला स्पर्श दोन्ही वेळी एकाच जागी होत नाही. डोके मागे गेले की हनुवटीखालचे स्नायू ताणले जाऊन जबड्यास मागे व खाली ओढतात. मान पुढे काढून नजर समोर ठेवणाऱ्या माणसाच्या मानेचा वरचा भाग असाच मागे मुडपलेला असतो.

दुसरा दुवा तंत्रिकांचा. चेहऱ्याच्या त्रिमूल तंत्रिकेचे तंतू आणि मानेच्या वरच्या तीन तंत्रिकांचे तंतू मेरुरज्जूच्या वरच्या भागात एकत्र येतात. त्यामुळे मूळ दुखणे मानेत असूनही ते कपाळाशी किंवा चेहऱ्यावर जाणवू शकते.

व्हायोलिनवादकांचे उदाहरण बोलके आहे. पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य हनुवटी व खांदा यांच्यामध्ये दाबून धरतात आणि त्या वादकांत जबड्याच्या तक्रारी बऱ्याच आढळतात. कर्नाटक पद्धतीचा वादक मांडी घालून वाद्य छाती व पाऊल यांवर टेकवतो. त्याचा जबडा मोकळाच राहतो.

तथापि सारा दोष ठेवणीच्या माथी मारू नये. 1934 मध्ये अमेरिकेतील कॉस्टेन या वैद्याने अशा दुखण्याचे खापर पडलेल्या दाढांवर फोडले होते. पुढे ते टिकले नाही. ठेवणीविषयीचे निष्कर्षही एकमुखी नाहीत. पोक काढणाऱ्या पुष्कळांस काहीच दुखत नाही. उलट ताठ बसणारा मनुष्य चिंतेने दात आवळून जबडा दुखवून घेतो. ओठ मिटलेले व दात किंचित विलग, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. ऊन शेक, मऊ अन्न व मानेचे साधे व्यायाम यांनी बहुतेकांस उतार पडतो. दात घासून कमी करण्यासारखे न परतणारे उपाय आरंभी टाळावेत. श्रम करताना जबडा दुखून विश्रांतीने थांबत असेल, तर मात्र हृदयाची तपासणी तातडीने करवून घ्यावी.