पार्सल येण्याआधी

मिरज,
18 मे 2025

चि. बाळ यास,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट बघून हसला असशील. मामाला व्हॉट्सॲप येतं, मग पत्र कशाला? तर व्हॉट्सॲपवर मी चार ओळी लिहितो, तू अंगठा दाखवतोस, आणि विषय संपतो. पत्राला अंगठा दाखवता येत नाही. शिवाय अडतीस वर्षं आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, दुसऱ्यांची पत्रं लावली. कधी आपलंही एखादं कुणीतरी लावावं, असं वाटतं.

परवा रात्री बेबीचा फोन आला. "दादा, तो फोन उचलत नाही," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. तुझी आई भांडते तेव्हा काळजी नसते. ती गप्प बसली की काय होतं ते तुला माहीत आहे. तुझ्या काकूशी आरतीच्या ताटावरून झालं त्या गणपतीत ती पाच दिवस गप्प होती, आणि मग सहाव्या दिवशी काय झालं तेही तू पाहिलंस. मी तिला म्हटलं, परीक्षा जवळ आली असेल. ती म्हणाली, "असेल."

बाकीचं मला समोरच्या गल्लीतल्या त्या मुलाकडून कळलं, जो तुझ्याच होस्टेलला आहे. तू त्याला चुगलखोर म्हणशील. म्हण. त्याचं म्हणणं असं, की तू इन्स्टाग्रामवरच्या कुणा विक्रेत्याला वीस हजार रुपये ॲडव्हान्स दिलेस, हातात धरून खेळायचं ते नवं यंत्र येणार म्हणून. त्यातले निम्मे मेसचे आणि परीक्षेच्या फॉर्मचे. आणि आता तू रात्र रात्र मोबाइलवर 'स्टेटस' बघत बसतोस. हे सगळं ऐकीव आहे. खोटं असेल तर हे पत्र फाडून टाक आणि तरीही बेबीला फोन कर.

खेळाला माझा विरोध आहे असं समजू नकोस. मी जरा चौकशी केली. आमच्या धाकटीने तासभर बसून समजावलं. निन्तेन्दोचं 'स्विच टू', बरोबर? येत्या 5 जूनला निघणार. अमेरिकेत किंमत साडेचारशे डॉलर, म्हणजे आपले अडतीस हजारांच्या आसपास. तिकडेही बुकिंग 9 एप्रिलला सुरू व्हायचं ते त्या आयातशुल्काच्या गोंधळात पुढे ढकललं आणि 24 एप्रिलला सुरू झालं. जपानात तर म्हाडासारखी सोडत काढली म्हणे, आणि 22 लाख अर्ज आले! अर्जालाही अटी: जुन्या यंत्रावर किमान पन्नास तास खेळलेला हवा, वर्षभराची वर्गणी भरलेली हवी. आपल्याकडे डोमिसाइल मागतात तसं. ही कंपनी 1889 साली क्योटोत पत्ते बनवायला निघाली होती, हे तुझ्या आजोबांना, आबांना कळलं असतं तर त्यांनी तुला स्वतः पैसे दिले असते.

आणि एक गोष्ट धाकटीने सांगितली ती मला फार आवडली. या कंपनीतले योकोई म्हणून कुणी इंजिनियर होते. त्यांनी बुलेट ट्रेनमध्ये एक नोकरदार माणूस बघितला. कंटाळला होता बिचारा, म्हणून कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. त्यावरून त्यांना खिशात मावणारा खेळ सुचला; 1980 साली तो बाजारात आला. रात्रीच्या गाडीत मीही किती माणसं अशी बघितली असतील! मला काही सुचलं नाही. मी कराडची पत्रं कराडच्या कप्प्यात टाकत राहिलो.

पण बाळा, मूळ मुद्दा ध्यानात घे. ही कंपनी हे यंत्र भारतात अधिकृतपणे विकतच नाही. म्हणजे तुझ्या त्या विक्रेत्याकडे आज ते नाही, आणि 5 जूनला त्याच्या घरी कंपनीचा टेम्पो येणार नाही. तो कुणाला तरी दुबईला किंवा सिंगापूरला सांगणार, तो माणूस रांगेत उभा राहणार, मिळालं तर आणणार, कस्टममधून सुटलं तर तुझ्यापर्यंत येणार. बिघडलं तर इथे दाद कुठे मागणार? तू यंत्राचे पैसे दिलेले नाहीस. तू एका अनोळखी माणसाच्या आश्वासनाचे पैसे दिले आहेस. आणि ते पैसे कुणाचे? मला पुन्हा पुन्हा तेच विचारावंसं वाटतं. तुझे होते का ते?

स्टेटसचं म्हणशील तर मला त्यातलं थोडं कळतं. आमच्या वेळी थैलीचं तोंड बांधून लाखेची मोहर उठली की आत काय कुठे चाललंय हे देवालाही कळायचं नाही. आदर्कीच्या घाटात डबा झोके घ्यायचा, वरचा दिवा हलायचा, आणि आम्ही उभ्याने कप्पे भरत असायचो. एखादं पार्सल साताऱ्याऐवजी सातारा रोडच्या थैलीत जायचं आणि माणूस आठ दिवस पोस्टात चकरा मारायचा. तुम्हाला निदान ते कुठे अडकलंय ते दिसतं. पण दिसल्याने ते पुढे सरकत नाही रे. रात्री तीन वाजता बघितलंस काय आणि सकाळी चहा पिऊन बघितलंस काय! त्या तीन वाजता कुणाला तरी तू 'जागा आहे' असं हिरव्या ठिपक्यात दिसतोस. बेबीला दिसतोस. म्हणून ती म्हणते, उचलत नाही.

आता जे लिहितो ते बेबीशी बोलू नकोस. निदान मी सांगेपर्यंत.

1981 साल. मी सतरा वर्षांचा, बेबी अकराची. एका मासिकाच्या मागच्या पानावर जाहिरात होती: नऊ चौकोनांत आकडे भरा, उभी-आडवी-तिरकी बेरीज पंधरा आली पाहिजे, बरोबर उत्तर पाठवणाऱ्याला खिशात मावणारा ट्रान्झिस्टर जवळपास फुकट. मधे पाच टाकला की ते कोडं कुणालाही सुटतं. मला वाटलं, मलाच सुटलं. आठवड्यात अभिनंदनाचं पत्र आलं. पाच रुपये आधी मनीऑर्डरने पाठवा, उरलेले अडतीस व्ही.पी. सोडवताना द्या.

त्रेचाळीस रुपये माझ्याकडे कुठले? बेबीकडे होते. चौथीच्या शिष्यवृत्तीचे पैसे तिला शाळेतून मिळायचे, ते ती शेवयांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची, पन्हाळ्याच्या सहलीसाठी. मी तिला सांगितलं, दर बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला आपल्या घरात, शेजारच्यांच्या खिडकीखाली उभं राहायला नको. तिने डबा आणून माझ्यापुढे पालथा केला. विचारलंसुद्धा नाही.

तेवीस दिवस वाट बघितली आम्ही. ती शाळेतून आली की दप्तर न काढता कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची आणि पोस्टमनची सायकल दिसली की पळत यायची. ट्रान्झिस्टरला धूळ बसेल म्हणून तिने आधीच एक खोळ शिवली. तिच्याच जुन्या फ्रॉकची, पिवळ्यावर बारीक पांढरे ठिपके. जाहिरातीत लांबी-रुंदी दिली होती, त्यावरून फूटपट्टीने मापं घेतली. खोट्या रेडिओची खरी मापं! पट्टी मी धरली होती.

खोका आला. व्ही.पी.चा कायदा असा, की पोस्टमनच्या हातावर पैसे मोजल्याशिवाय खोका मिळत नाही आणि पैसे मोजले की ते पुढे पाठवणाऱ्याकडे गेलेच. आम्ही मोजले. बेबी म्हणाली दोरी कापू नको, गाठ सोडव, दोरी कामाला येईल. गाठ सोडवायला पाच मिनिटं लागली असतील. आत प्लॅस्टिकचं नुसतं कवच. बटण फिरत होतं, काटा मात्र कागदावर छापलेला. वजन यावं म्हणून मातीचं ढेकूळ, हिंदी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

ती रडली नाही. तिने ते ढेकूळ उचललं आणि तुळशीत टाकलं. मग आबांनी सहलीचे पैसे विचारले तेव्हा म्हणाली, वाटेत हरवले. आबांनी जन्मात आमच्यावर हात उचलला नव्हता, त्या दिवशी उचलला. मी दारातच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं.

त्या खोळीत पुढे दहावीपर्यंत तिची पेनं-पेन्सिली असायच्या. ती सहज म्हणून वापरायची, माझ्यावर राग म्हणून नाही. तिच्या डोक्यात तसलं काही नव्हतंच. मला मात्र रोज संध्याकाळी अभ्यासाला बसलं की समोर ते ठिपके दिसायचे. आणि नियतीची गंमत बघ, पाच वर्षांनी मला नोकरी लागली ती पोस्टाच्याच खात्यात. तसल्या व्ही.पी. माझ्या हातून किती गेल्या असतील याचा हिशेब नाही. एखादा खोका मी हातात घेऊन हळूच हलवून बघायचो. उघडता येत नाही, अडवता येत नाही. पत्ता बघायचा आणि ज्या गावचा त्या थैलीत टाकायचा. कुठल्याशा गावात कोपऱ्यावर कुणीतरी उभं असणार, हे माहीत असताना टाकायचा.

म्हणून त्या मुलाने 'ॲडव्हान्स' म्हटलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. वीस हजारांसाठी नाही. बेबीचा डबा दुसऱ्यांदा पालथा झाला म्हणून.

बरंच रागावलो. आता थोडं कामाचं लिहितो. त्या विक्रेत्याचे मेसेज, पैसे पाठवल्याची नोंद, त्याचा नंबर, काही पुसू नकोस. उरलेले पैसे वस्तू हातात येईपर्यंत देऊ नकोस, तो 'कस्टमसाठी अर्जंट' म्हणाला तरी नाही. फोन बंद लागायला लागला तर त्याच दिवशी 1930 ला कळव. सायबर फसवणुकीसाठी आहे तो नंबर, आणि तिथे जितक्या लवकर सांगशील तितकं बरं. खोका आला तर उघडताना व्हिडिओ काढ. आणि परीक्षेच्या फॉर्मची तारीख गेली नसेल तर मला आजच्या आज सांग, पैसे मी पाठवतो. उसने नाहीत. त्रेचाळीस रुपयांवरचं व्याज समज.

तो माणूस चांगलाही असेल. वाट बघणारी सगळीच माणसं फसत नाहीत, नाहीतर पोस्ट कधीच बंद पडलं असतं. तुझं यंत्र धडधाकट यावं, अशीच माझी मनापासून इच्छा आहे. धाकटी म्हणाली, त्याच्या दोन्ही बाजूंचे दांडे चुंबकाने चिकटलेले असतात. कळ दाबून ओढले की सुटतात, आणि एक आपल्याकडे ठेवून दुसरा शेजारच्याच्या हातात देता येतो. आणि पहिल्याच दिवशी गाड्यांच्या शर्यतीचा खेळही मिळणार आहे म्हणे. सुट्टीत घरी येशील तेव्हा एक दांडा बेबीला दे. ती आधी नको नको म्हणेल, हात पिठाचे आहेत म्हणेल. दे तरी. जिंकली तर तिला अंगठा दाखव, तिथे चालेल.

मीही येईन तेव्हा. ती खेळत असताना तिला ती 1981 ची गोष्ट सांगून टाकावी असं मनात आहे. तिला सगळं माहीतच आहे म्हणा. मी अजून 'चुकलो' म्हटलेलं नाही, तेवढंच राहिलंय. तू शेजारी असलास तर मला जमेल.

मामीचे आशीर्वाद. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. शुक्रवारच्या पुण्याच्या एसटीत ड्रायव्हरकडे शंकरपाळ्यांचा डबा देतोय. संध्याकाळी सातच्या सुमारास स्वारगेटला पोचेल. डबा तुझ्या आईने भरलाय, सुतळी तिनेच बांधली आहे, आणि तिची गाठ तुला ठाऊक आहे. याचा ट्रॅकिंग नंबर नाही, तेव्हा साडेसहालाच जाऊन उभा राहा. मिळाला की तिला फोन कर.