मान वाकडी, दोष डोळ्याच्या स्नायूत

प्रत्येक डोळा सहा स्नायू फिरवतात: चार सरळ, दोन तिरके. सरळ स्नायू खोबणीच्या तळाशी असलेल्या कड्यापासून निघून बुबुळाच्या कडेमागे पांढऱ्या पटलाला चिकटतात. नाकाकडचा कडेपासून ५.५ मिलिमीटरवर, खालचा ६.५, कानाकडचा ६.९ आणि वरचा ७.७. पुस्तकांत छापलेले हे आकडे सरासरी आहेत, प्रत्यक्ष डोळ्यात ते थोडेफार बदलतात.

सर्वाधिक फसवणारा स्नायू म्हणजे सुपीरिअर ऑब्लिक, वरचा तिरका. त्याची कंडरा नाकाजवळच्या वरच्या कोपऱ्यातल्या कप्पीसारख्या कडीतून वळून डोळ्यावर येते. काही मुलांत ती जन्मतः सैल असते, भलत्या जागी चिकटलेली असते किंवा नसतेच. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ हेल्व्हस्टन यांनी १९९२ मध्ये या स्नायूच्या दुबळेपणाचे वर्गीकरण कंडरेतल्या अशाच फरकांवरून मांडले. दुबळ्या बाजूचा डोळा वर सरकतो आणि दोन प्रतिमा जुळवण्यासाठी मूल मान विरुद्ध खांद्याकडे कलती ठेवते. त्यामुळे डोळे वरवर सरळच दिसतात.

प्रस्तुत लेखकाच्या घरातल्या मुलाबाबत नेमके हेच झाले. मानेचा स्नायू आखडल्याचे निदान झाले आणि महिनोन्महिने मान ताणण्याचे व्यायाम चालले. मूल रडे, व्यायाम नीट करून घेत नाही, असा ठपका आईवर येई. पुढे दुसरीकडे एका शिकाऊ डॉक्टरांनी मुलाचा एक डोळा पट्टीने झाकला आणि काही वेळात मान आपोआप सरळ झाली. एका पट्टीने जे कळले, त्यासाठी एवढा काळ का जावा? आधीच्या डॉक्टरांकडून उत्तर आले, ‘असे क्वचितच असते.’ क्वचित असते म्हणून डोळे तपासायचेच नाहीत, हे पटण्यासारखे नाही.

खरोखर आखडलेली मान हाताने वळवतानाही अडते. डोळ्यामुळे कललेली मान सहज फिरते आणि मूल आडवे झाले की बहुधा सरळ होते. तान्हेपणापासूनचे फोटो तारखेनुसार लावून डॉक्टरांकडे न्यावेत, कल केव्हापासूनचा हे त्यांतून दिसते. चेहऱ्याच्या दोन बाजूंत फरक पडू लागला असेल तर तेही सांगावे. शस्त्रक्रिया ठरल्यास, भूल दिल्यावर कंडरा ओढून तिचा सैलपणा तपासणार का, हे आधीच विचारावे. शंका धरून बसू नये, दुसरे मत घ्यावे.

इतर स्नायूही ठरल्या नकाशाप्रमाणे असतातच असे नाही. इन्फीरिअर ऑब्लिक, म्हणजे खालचा तिरका, काहींत दुभंगलेला असतो. शस्त्रक्रियेत मागचा पदर पकडायचा राहून गेला तर नंतरही स्नायूचा जोर उरतो. कवटीचे सांधे लवकर जुळणाऱ्या क्रूझॉनसारख्या विकारांत एखादा स्नायू गायब असू शकतो. क्वचित जादा पट्टा डोळा अडवून धरतो. तो एमआरआयमध्ये दिसू शकतो.

रक्तपुरवठ्याचा मुद्दा वेगळा, पण तितकाच गंभीर आहे. डोळ्याच्या पुढच्या भागाला रक्त सरळ स्नायूंतून जाणाऱ्या धमन्यांतूनही मिळते: कानाकडच्या स्नायूत सहसा एक, बाकीच्यांत दोन-दोन. एकाच वेळी तीन-चार सरळ स्नायू सोडवले तर तो भाग उपाशी पडण्याचा धोका असतो.

म्हणून शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागून घ्यावी: कोणता स्नायू, किती मिलिमीटर सरकवला, काय वेगळे आढळले. पुढच्या शल्यविशारदाला तिचाच आधार असतो. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये.